व्हिंटेज कफलिंक्स घेताय? आधी पालथ्या घालून बघा, आणि या चुका टाळा

महिन्यातून दोन-तीन मेसेज तरी येतातच. एक फोटो असतो, खाली लिहिलेलं असतं, "दादा हे ओरिजिनल आहे का, संध्याकाळपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक लागलंय." आणि फोटोत काय, तर कफलिंकची पुढची बाजू, मखमलीवर ठेवलेली, वरून लाईट मारलेला. पाठीचा फोटो नाही, बाजूचा नाही, शिक्क्याचा तर नाहीच. मी मागितला की म्हणतात विक्रेता सुट्टीवर आहे. अहो मग तो सुट्टीवरून येईपर्यंत थांबा ना! ८०-९० वर्षं जुनी वस्तू आहे, अजून चार दिवसांनी काय बिघडणार आहे तिचं.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडील गुजरीत एका सराफाकडे कारागीर होते. कुठलाही दागिना हातात आला की ते पहिल्यांदा तो पालथा घालायचे. जोड कुठे आहे, डाख कसा दिलाय, कडी कुठे झिजलीय, हे बघून झाल्यावरच पुढची बाजू. आता मी बरीच वर्षं बर्मिंगहॅममध्ये आहे, इथला ज्वेलरी क्वार्टर घरापासून बसने वीस मिनिटांवर, आणि जुन्या कफलिंक्स जमवायचा नाद लागून एक तप होऊन गेलं. पण सवय तीच राहिली, वडिलांची. खाली जे लिहितोय ते बहुतेक ब्रिटिश मालाबद्दल आहे, थोडं फ्रेंच, कारण मला तेच नीट कळतं.

एक अक्षर बघून साल ठरवणं

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

आपल्याकडे आता सोन्यावर सहा अक्षरांचा एचयूआयडी असतो, तो ॲपमध्ये टाकला की माहिती समोर येते. जुन्या ब्रिटिश हॉलमार्कचं तसं नाही, तो आपल्याला वाचावा लागतो. साधारण चार शिक्के असतात: बनवणाऱ्याची आद्याक्षरं, धातूचा कस, कुठल्या गावच्या ॲसे ऑफिसने (धातूचा कस तपासून शिक्का मारणारं कार्यालय) तपासला त्याचं चिन्ह, आणि वर्षाचं अक्षर. गावांची चिन्हं सोपी आहेत, लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, एडिंबराचा किल्ला, चेस्टरच्या गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार. घोळ होतो तो वर्षाच्या अक्षरात, कारण अक्षरं संपली की परत ए पासून सुरू. बर्मिंगहॅमला ए हे अक्षर १९२५ ला आहे, १९५० ला आहे, आणि १९७५ लाही आहे. अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट बदलते, पण झिजलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या शिक्क्यात वळण कुठलं आणि काय, उघड्या डोळ्याला कळत नाही.

तर २०१२ ला इथल्या, इंग्लंडमधल्या न्यूअर्कच्या मोठ्या अँटिक फेअरला गेलो होतो. सकाळी सातला दव पडलेल्या गवतातून फिरत होतो, आणि एका टेबलावर १८ कॅरेटच्या लांबट अंडाकृती कफलिंक्स दिसल्या, साखळीच्या, वर सूर्यकिरणांसारखी बारीक कोरीव रेघ. विक्रेता म्हणाला १९२५, आर्ट डेको (१९२०-३० च्या दशकांतली रेखीव शैली), शिक्का बघा. मी बघितला. नांगर दिसला, ए दिसला. खिशात हॉलमार्कचं छोटं पुस्तक होतं, ते उघडलं, बर्मिंगहॅमच्या पानावर पहिला जो ए सापडला त्याच्यापुढे १९२५ लिहिलेलं होतं, आणि मी तिथेच थांबलो. पुढचे दोन ए बघितलेच नाहीत, कारण मला १९२५ च हवं होतं. मागे अजून एक माणूस उभा होता, तो त्याच कफलिंक्सकडे बघतोय असं मला वाटत होतं. ६२० पौंड मोजले.

रात्री घरी जेवणाच्या टेबलावर दहा पटीचं भिंग लावलं. नांगर बरोबर, ए बरोबर, मुकुट बरोबर, आणि मुकुटाच्या शेजारी आकडा ७५०. मी पाच मिनिटं तसाच बसून होतो. कारण १९७५ च्या आधी इंग्लंडमध्ये १८ कॅरेटवर मुकुट आणि १८ हा आकडा मारायचे. मुकुटासोबत ७५० आलं ते १९७३ चा हॉलमार्किंग कायदा लागू झाल्यावर, म्हणजे १ जानेवारी १९७५ पासून. म्हणजे माझा ए हा तिसरा ए होता. सोनं शंभर टक्के खरं, शिक्के खरे, काम सुबक, फक्त वय पन्नास वर्षांनी कमी. विक्रेत्याने फसवलं असं मी आजही म्हणणार नाही, त्यानेही बहुतेक माझ्यासारखंच पहिल्या ओळीवर बोट ठेवलं असेल. चार वर्षांनी ती जोडी मोडीच्या भावाच्या जरा वर गेली, आणि आर्ट डेकोसाठी जो जास्तीचा पैसा दिला होता तो गेला तो गेलाच.

तेव्हापासून माझी सवय अशी की वर्षाचं अक्षर सगळ्यात शेवटी वाचायचं. आधी कसाचा आकडा. जुन्या ९ कॅरेटवर ९ आणि शेजारी वेगळ्या चौकटीत .३७५ असतं. १५ कॅरेटवर १५ आणि .६२५, आणि हा १५ कॅरेटचा कस १९३२ ला बंदच झाला, १२ कॅरेटचाही, त्याऐवजी १४ कॅरेट आलं. त्यामुळे १५ कॅरेटचा ब्रिटिश शिक्का दिसला की ती वस्तू १८५४ ते १९३२ मधलीच, हे अक्षर न वाचताच कळलं. उलट १४ कॅरेटचा ब्रिटिश शिक्का आणि सांगणारा म्हणतोय एडवर्डियन (१९०१ ते १९१० च्या काळातली), तर नमस्कार करून पुढे चालायला लागायचं. मग गाव बघायचं. चेस्टरचं ऑफिस १९६२ ला बंद झालं, ग्लासगोचं १९६४ ला, त्यामुळे तिथेही एक हद्द आपोआप मिळते. या दोन्हीमधून जो काळ उरतो त्यातच अक्षर शोधायचं, बाहेर शोधायचंच नाही. आणि अजून एक, १९७५ च्या आधी ही अक्षरं जानेवारीत बदलत नसत, बर्मिंगहॅमला जुलैत बदलायची, लंडनला मेअखेर, म्हणजे एक अक्षर दोन सालांत पसरलेलं असतं. कुणी छातीठोकपणे "१९२५ च" म्हणत असेल तर त्याला १९२५-२६ म्हणायला शिकवा.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे मुकुट दिसला की सोनं समजणं. शेफिल्डचं गावचिन्ह चांदीवर १९७४ पर्यंत मुकुटच होतं, गुलाब नंतर आला. चालत्या सिंहाच्या (हा चांदीचा शिक्का) शेजारी मुकुट असेल तर ती शेफिल्डची स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध चांदी आहे, वर सोन्याचा मुलामा असला तरीही. हा घोळ मी इतक्या वेळा बघितलाय की आता कुणी "मुकुट आहे" एवढंच सांगितलं तर मी पहिला प्रश्न सिंहाचाच विचारतो. आणि ब्रिटिश चांदीवर नुसता ९२५ आकडा असेल, सिंह नाही गाव नाही, आणि सांगतायत १९३० ची, तर तिथे माझा विश्वास संपतो. हा आकडा ब्रिटिश हॉलमार्कमध्ये सक्तीचा झाला तो १९९९ पासून.

डबा विकत घेणं

मावसभाऊ ठाण्याला असतो. मुलाच्या लग्नात सुटावर घालायला त्याला कार्टिए या नावाजलेल्या फ्रेंच जवाहिऱ्याच्या जुन्या कफलिंक्स हव्या होत्या. मला विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याला सरप्राईज द्यायचं होतं. युरोपातल्या कुठल्यातरी ऑनलाईन विक्रेत्याकडून मागवल्या, सव्वादोन लाखांच्या आसपास गेले, वर ड्यूटी वेगळी. लाल डबा, सोनेरी नक्षीची किनार, आत काळी मखमल. डबा अस्सल होता. मी स्वतः हातात घेऊन बघितलाय, डब्यात काही खोट नव्हती.

लग्न मे मध्ये झालं, आणि जुलैत भाऊ-वहिनी माझ्याकडे आले तेव्हा त्याने तो डबा मोठ्या कौतुकाने टेबलावर ठेवला. मी सवयीने एक लिंक उचलली आणि पालथी घातली. नाव होतं, ७५० होतं. बाकी काहीच नव्हतं. फ्रान्समध्ये १८ कॅरेट सोन्यावर १८३८ पासून गरुडाच्या डोक्याचा शिक्का असतो, इतका बारीक की भिंगाशिवाय तो ओरखडाच वाटतो, आणि शिवाय ज्या कारखान्याने वस्तू बनवली त्याचा शिक्का शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत असतो. पॅरिसच्या कार्टिएवर मी हे दोन्ही शोधतो. लंडनच्या कार्टिएचं काम असेल तर जेसी ही आद्याक्षरं, म्हणजे झाक कार्टिए, आणि सोबत पूर्ण ब्रिटिश हॉलमार्क. इथे गरुड नाही, शंकरपाळं नाही, नांगर नाही, बिबट्या नाही. नावाची अक्षरं भिंगाखाली बघितली तर तळ दाणेदार, पांढुरका, सगळीकडे एकसारख्या खोलीचा, म्हणजे लेसर. आता ॲसे ऑफिसंही लेसर वापरतात, त्यात वाईट काही नाही, पण ज्याला १९५० चं म्हणून विकलंय त्याच्यावर लेसर कुठून येणार? हाताने ठोकलेल्या पंचचा ठसा वेगळा दिसतो, कडेला धातू जरा दबून वर आलेला असतो आणि जुन्या वस्तूत ती कडा झिजून गोल झालेली असते.

भाऊ म्हणाला पण त्याने मशीनचा रिपोर्ट पाठवला होता, १८ कॅरेट दाखवतंय. मशीन म्हणजे एक्सआरएफ, क्ष-किरणांनी धातू ओळखणारं. ते खोटं बोलत नाही पण ते फक्त वरची कातडी बघतं, काही मायक्रॉनची. मुलामा जाड असला की मशीन मुलाम्याचाच कस सांगतं. मग मी माझा पाण्याचा काटा काढला. आधी लिंक कोरडी वजन केली, ९.४६ ग्रॅम. मग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळत ठेवून वजन केली, १.१० ग्रॅमने कमी भरली. कोरड्या वजनाला त्या फरकाने भागायचं, उत्तर आलं ८.६. अठरा कॅरेटला पंधराच्या वर यायला पाहिजे, ९ कॅरेटला अकराच्या थोडं वर, स्टर्लिंगला दहाच्या वर. साडेआठच्या आसपास असतं पितळ. फिरत्या दांडीच्या (काजातून घालून आडवी फिरवायची) लिंकमध्ये स्टीलची छोटी स्प्रिंग असते, आत हवा अडकते, त्यामुळे खऱ्या सोन्याचाही आकडा जरा खाली येतो हे मान्य, पण पंधराचा साडेआठ होत नाही. दांडी जिथे घासते तिथे भिंग लावलं तर खालचा पिवळसर-हिरवट धातू डोकावत होताच.

विक्रेत्याने उत्तर द्यायचं बंद केलं होतं. धंदेवाईक विक्रेत्याकडून ऑनलाईन घेतलं तर ब्रिटन-युरोपात १४ दिवसांत परत करायचा हक्क असतो, पण इथे तोवर कित्येक महिने उलटले होते. वहिनी काही बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं.

रिकामे डबे स्वतंत्र विकले जातात. खरे डबे, खऱ्या ब्रँडचे. ज्याला खोटं खपवायचंय तो सगळ्यात आधी खरा डबा विकत घेतो, कारण त्याला माहितीये की गिऱ्हाईक डबा बघून ढिलं पडतं. म्हणून माझा नियम, डबा उघडून वस्तू काढायची आणि डबा नजरेआड ठेवायचा, खुर्चीवर, पिशवीत, कुठेही. वस्तूचं ठरल्यावर डब्याचे पैसे वेगळे मोजायचे. आणि वस्तू घरी आली की त्याच दिवशी तपासायची, लग्नाची वाट बघायची नाही.

हेच फाबर्जेचं, म्हणजे रशियन झारच्या जवाहिऱ्याच्या मालाचं. रशियन सोन्यावर ५६ आकडा असतो, तो त्यांच्या झोलोत्निक मापातला, आपल्या हिशोबात १४ कॅरेट. शेजारी डोक्यावर कोकोश्निक (मुकुटासारखं रशियन शिरोभूषण) घातलेल्या बाईचा चेहरा, १८९९ ते १९०८ डावीकडे बघणारा, १९०८ ते १९१७ उजवीकडे. कफलिंकसारख्या लहान वस्तूवर जागा नसते म्हणून बरेचदा नुसती कारागीर-प्रमुखाची आद्याक्षरं असतात. आणि बाजारात जे येतं त्याच्यावर पूर्ण नाव, झारचा दोन डोक्यांचा गरुड, चेहरा, आकडा, सगळं ठळक, सगळं एका ओळीत, जसं काही काल मारलंय. तुम्ही नवीन असाल तर फाबर्जेच्या वाटेलाच जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. दहा वर्षं खऱ्या वस्तू हाताळा, म्युझियममध्ये बघा, मग विचार करा.

पाठ आणि पोट वेगळ्या काळातलं

मागची रचना काळ सांगते. व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन जोड्या बहुतेक साखळीच्या असतात, दोन्ही बाजूंना नक्षीची चकती आणि मधे दोन-तीन कड्या. मग १९२० च्या दशकात प्रेस बटणासारख्या टचकन बसणाऱ्या आल्या, अमेरिकेतल्या ॲटलबरोच्या बेअर अँड वाइल्ड कंपनीच्या 'कम-अ-पार्ट' त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या. आज दुकानात दिसते ती फिरती दांडी सर्रास झाली ती त्याच्याही नंतर. आता समोरून १८८० ची मीनाकारी आणि मागे फिरती दांडी असेल तर विचारायला पाहिजे की हे आधी काय होतं. बरेचदा कानातली असतात, शर्टाची बटणं असतात, कधी ब्रोचचे दोन तुकडे. दांडीच्या मुळाशी भिंग लावा. राखाडी, भुरभुरीत डाख दिसला तर शिशाचा डाख आहे, चांगला कारागीर सोन्यावर तो कधी लावत नाही.

बदललेली वस्तू वाईट असं मी म्हणत नाही. पलटणीच्या जुन्या बटणांच्या कफलिंक्स माझ्याकडेही आहेत, आवडीने घालतो. पण बदललेली वस्तू बदललेली म्हणून सांगून, त्या किमतीत विकावी. शिवाय ब्रिटनमध्ये हॉलमार्क असलेल्या वस्तूत ॲसे ऑफिसची परवानगी न घेता भर घालणं हा त्या १९७३ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे "दांडी मीच बसवून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. आमच्या आजोबांची सोन्याची साखळीवाली बटणं घरी आहेत. बरेच जण म्हणाले त्याच्या कफलिंक्स करून घे, छान होतील. नाही केल्या, करणारही नाही. ती बटणं आहेत आणि सदऱ्यालाच लावायची.

मीना आणि काच

गिलोशे मीना म्हणजे आधी धातूवर यंत्राने बारीक लहरी कोरायच्या आणि त्यावर पारदर्शक रंगीत मीना भाजून चढवायचा, त्यामुळे लिंक हलवली की आतून प्रकाश सरकतो. त्याचा टवका उडाला की तो परत भाजून दुरुस्त करणं फार अवघड आणि महागडं काम, म्हणून बरेच जण रंगीत इपॉक्सी (राळेसारखा गोंद) भरतात. समोरून दिसत नाही. मी तिरक्या उजेडात धरून बघतो, भरलेल्या जागी खालच्या लहरी तुटतात किंवा चकाकी मेणचट होते, आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली तर भराव बहुतेक वेळा बाकीच्यापेक्षा वेगळा चमकतो. टाचणीने टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, दुसऱ्याच्या टेबलावरची वस्तू आहे ती.

एसेक्स क्रिस्टलमध्ये तर नवीन माणूस हमखास अडकतो. घोडा, कोल्हा, कुत्रा, मासा, आणि तो काचेच्या आत खरोखर उभा असल्यासारखा दिसतो. खऱ्यात स्फटिकाचा अर्धगोल असतो, सपाट पाठीकडून आत खोल कोरलेला, मग त्या खड्ड्यात केसाएवढ्या ब्रशने रंग भरलेला, आणि मागे शिंपल्याची चकती. खोट्यात छापलेलं चित्र आणि वर काचेचा किंवा रेझिनचा थेंब. बाजूने बघा. खऱ्यात चित्राला जाडी असते, कोल्ह्याचं नाक पुढे आणि कान मागे दिसतात. खोट्यात बाजूने बघितलं की चित्र तळाशी कागदासारखं सपाट होतं. बुडबुडा दिसला तर स्फटिक नाही. गालाला लावून बघा, स्फटिक गार लागतो आणि गारच राहतो, रेझिन लगेच कोमट होतं. ही गालाची टेस्ट माझ्या आईची, ती स्फटिकाच्या माळेला लावायची, इथेही चालते.

ज्यांना एकच ओळ पुरे

"९ कॅरेट बॅक अँड फ्रंट" म्हणजे पुढे-मागे सोन्याचा पत्रा आणि पोटात दुसराच धातू, याला भरीव सोनं समजून पैसे मोजू नका.

"रोल्ड गोल्ड", "गोल्ड फिल्ड", "१/२० १२ के" हे सगळे मुलाम्याचेच भाऊ, जाडीचा फरक.

दोन्ही लिंकचे शिक्के वेगवेगळे वाचा, एका लिंकवर एक अक्षर आणि दुसरीवर वेगळं असेल तर ती जोडी नंतर जुळवलेली आहे.

टिफनी या अमेरिकन कंपनीच्या चांदीच्या मालावर डोळे झाकून विश्वास नको, नकली टिफनी इतकं विकलं गेलंय की त्यावरून त्यांनी २००४ ला ईबेवर केस केली होती आणि ती केस टिफनी हरली.

चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे सोनं, असं नाही, पितळही चिकटत नाही.

जॉर्ज जेन्सन या डॅनिश चांदीवाल्याच्या नावाभोवती ठिपक्यांची अंडाकृती चौकट असेल आणि विक्रेता १९२० म्हणत असेल तर नाही म्हणा, ती चौकट १९४५ नंतरची.

बर्मिंगहॅमच्या नांगराच्या जागी त्रिकोण दिसला तर माल परदेशात बनून इथे तपासलेला आहे, खोटा नाही.

भारतात पाठवण्याआधी

हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. ब्रिटिश राजवटीत इथून गेलेल्या साहेबांनी वाघनखं सोन्यात मढवून ब्रोच, कफलिंक्स बनवून घेतल्या, आणि त्या आजही इथल्या लिलावात येतात. जुन्या घडवलेल्या वस्तूंना, म्हणजे मार्च १९४७ च्या आधीच्या, इथे सूट आहे. पण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघाचा कुठलाही अवयव विकणं, विकत घेणं, नुसतं बाळगणंही गुन्ह्यात मोडतं. एका ओळखीच्या मुलाने वडिलांच्या साठीला भेट म्हणून अशी जोडी घेतली होती आणि हँडबॅगेत घालून मुंबईला न्यायच्या तयारीत होता. मी अक्षरशः एअरपोर्टच्या आदल्या रात्री त्याच्या घरी जाऊन ती काढून घेतली. वडिलांना भेट द्यायची आणि त्यांच्या नावावर केस लावायची, हे कसं चालेल? हस्तिदंताचंही तेच, आणि त्यात आता ब्रिटनचा २०१८ चा आयव्हरी ॲक्ट जून २०२२ पासून लागू झालाय, त्यामुळे इथेही मोजके अपवाद सोडले तर खरेदी-विक्री बंद. कासवाच्या पाठीच्या कफलिंक्सही तिकडे नेऊ नका.

मुंबईत चोरबाजारच्या मटन स्ट्रीटवर जुन्या कफलिंक्स मिळतात का, हा प्रश्न येतोच. मिळतात, मीही घेतल्यात, चांदीच्या, आणि भाव करायला मजाही येते. पण तिथेही भिंग खिशात पाहिजे आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची असेल तर पुरावशेष कायदा आडवा येतो, आधी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागतं.

घेतल्यावर वाट लावणं

एवढं सगळं करून खरी वस्तू घरी येते आणि मग लोक ती घासतात. चांदी उजळायच्या रसायनात (डिप) बुडवतात, मशीनच्या पॉलिशला देतात, आणि शिक्का गुळगुळीत होतो. शिक्का गेला की तिचं वय सांगणारा साक्षीदारच गेला, परत येत नाही. मीना, मोती, ओपल, एसेक्स क्रिस्टल यातलं काहीही अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकू नका, दुकानदार "दोन मिनिटांत होतं" म्हणाला तरी नको. मी कोमट पाण्यात थोडा साबण, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, फक्त धातूच्या भागावर, आणि जुन्या सुती धोतराच्या फडक्याने टिपून घेतो. मागे शिंपला किंवा रंग असेल तर पाणीही नाही, कोरडं फडकंच.

साखळीच्या जोडीत कड्या बघत राहा. दोन्ही टोकांना जिथे कडी कडीवर घासते तिथे सोनं दोऱ्यासारखं बारीक होतं आणि मग एक दिवस कार्यक्रमात बाही झटकली की एक बाजू कुठे गेली ते सापडत नाही. कडी बारीक दिसली की त्याच कॅरेटच्या तारेने नवी घालून घ्या, आणि कारागिराला समोर बसून सांगा की चकतीवर, शिक्क्याजवळ आच लागता कामा नये. ज्वेलरी क्वार्टरमधला माझा माणूस सत्तरीचा आहे. शिक्का असलेल्या बाजूवर तो ओला टिश्यू गुंडाळतो आणि मगच फुंकणी हातात घेतो.